जॅकी चॅन, तालमीत वाढलेल्या पोराच्या नजरेतनं

लाल_माती (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो, जरा लांबण लागेल.

काल रात्री जेवणं झाल्यावर आमचं धाकटं मोबाईलवर जॅकी चॅन बघत बसलं होतं. पिक्चर संपल्यावर नावं येताना चुकलेले स्टंट दाखवतात की नाही, ते बघून खो खो हसत होतं. मी पण शेजारी टेकलो, पण मला काही हसू येईना. 'पोलीस स्टोरी' होता, १९८५ चा. शेवटी मॉलमध्ये उंचावरनं खांबाला मिठी मारून सरकत खाली येतो, दिव्यांच्या माळा फुटत फुटत, आणि खाली काचेतनं आरपार आपटतो. त्या माळा बॅटरीवर न चालवता थेट मेन लाईनला जोडलेल्या, त्यामुळं तापलेल्या. हाताची सालटी निघाली, पाठीला मार बसला, कमरेचं हाड हललं. आणि हे सगळं एकाच टेकमध्ये.

मी वयाच्या बाराव्या वर्षापासनं नऊ वर्षं कोल्हापुरात तालमीत काढली. गाव राधानगरीकडं. आबांनी एक वळकटी, पत्र्याची पेटी आणि तुपाची किटली घेऊन मला एसटीनं आणलं, वस्तादांच्या पायावर घातलं आणि म्हणाले, हाडं तेवढी आमची, बाकी पोरगं तुमचं. आणि गेले. मागं वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर मी पळत सुटलो असतो हे त्यांनाही ठाऊक होतं.

म्हणून जॅकीची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेवून गप बसलो होतो. जन्म ७ एप्रिल १९५४, हाँगकाँग. बाप तिथल्या फ्रेंच कॉन्सलच्या, म्हणजे फ्रेंच सरकारच्या प्रतिनिधीच्या बंगल्यावर स्वयंपाकी, आई तिथंच घरकामाला. १९६० साली बापाला ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अमेरिकन वकिलातीत आचाऱ्याची नोकरी लागली, आणि साताच्या आसपासचं पोरगं यू जिम-युएन नावाच्या गुरूच्या शाळेत ठेवलं. चायना ड्रामा अकॅडमी नाव, पण ती आपल्याकडच्या अकॅडमीसारखी नव्हे, पेकिंग ऑपेरा, म्हणजे गाणं, कोलांट्या आणि हाणामारी असलेलं चिनी नाटक, ते शिकवणारी तालीमच म्हणा. दहा वर्षांचा लेखी करार. तेवढी वर्षं पोरगं गुरूचं, ते जे कमावेल तेही गुरूचं. पहाटे उठायचं, कोलांट्या, पाय डोक्याच्या वर ताणून उभं राहायचं, हातावर चालायचं, गाणं, तलवार, भाला, आणि चुकलं की वेत.

आणि एक गोष्ट बघा. गुरूच्या नावातलं 'युएन' प्रत्येक पोराला लागायचं. जॅकी म्हणजे तिथला युएन लो. समो हंग हा युएन लुंग. युएन बियाओ, युएन वा, कोरी युएन, ही सगळी एका आखाड्यातली पोरं. आपल्याकडं 'अमक्या वस्तादांचा पठ्ठा' म्हटल्याशिवाय पैलवानाची ओळख होत नाही, तिथं ते नावातच घातलेलं.

मला एवढंच म्हणायचंय की जॅकी चॅन एकटा बघायची गोष्ट नाही. त्याच्याभोवती पडणारी पोरं बघा. बाकीचं जसं सुचेल तसं लिहितो, तुम्ही पण लिहा.

---

ड्रॅगन_शाहूपुरी

धागा भारी दादा, पण ब्रूस ली तो ब्रूस लीच. जॅकी मार खातो, पडतो, तोंड वेडंवाकडं करतो. ब्रूस ली नुसता उभा राहिला तरी समोरचा घाबरतो. २० जुलै १९७३ ला गेला तेव्हा फक्त ३२ वर्षांचा होता, आणि 'एंटर द ड्रॅगन' त्याच्या मागं रिलीज झाला, तरी आजही जिममध्ये पोस्टर त्याचंच.

आणि तालमीचंच म्हणाल तर ब्रूस लीनं गामा पैलवानाच्या मेहनतीवरचे लेख वाचून आपले जोर आणि बैठका उचलल्या होत्या. म्हणजे लाल मातीचं देणं त्याच्याकडंपण गेलंय.

---

लाल_माती

ड्रॅगनभाऊ, ब्रूस लीबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही. गामाचं खरं आहे, वाचलं तेव्हा आमची छाती पण फुगली होती. पण 'एंटर द ड्रॅगन' परत बघा. गुहेतल्या मारामारीत ब्रूस ली एका पोराचे मागनं केस धरतो आणि मान मोडतो. ते पोरगं जॅकी. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याच शूटिंगला ब्रूस लीच्या हातातली काठी चुकून जॅकीच्या तोंडावर बसली, कॅमेरा थांबल्यावर ब्रूस ली धावत येऊन त्याला धरून सॉरी म्हणाला, आणि जॅकी सांगतो की दुखायचं थांबलं होतं तरी मी दुखतंय असंच दाखवलं, का तर ब्रूस लीनं अजून जरा वेळ धरून ठेवावं म्हणून. त्याच्या आधी 'फिस्ट ऑफ फ्युरी'त, १९७२, शेवटी ब्रूस लीच्या लाथेनं जपानी व्हिलन दारातनं उडून बाहेर पडतो, ते उडणारं अंगपण जॅकीचंच.

आणि ब्रूस ली ज्या कोलांट्या मारतो त्यातल्या बऱ्याच युएन वा मारायचा, जॅकीच्याच आखाड्यातला गुरुबंधू. हे ब्रूस लीला कमी लेखायला सांगत नाही. सांगायचं हे की सत्तरच्या सुमाराला ऑपेरा बघायला माणूस येईना झालं, ह्या पोरांना लिहिता-वाचता धड येत नव्हतं, हातात कला एकच, उडायचं आणि पडायचं. मग ती सगळी स्टुडिओच्या दारात स्टंटवाले म्हणून उभी राहिली, दिवसाच्या रोजावर.

---

फळा_आणि_खडू

लेख मनापासून लिहिलाय, पण एका गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. सात वर्षांचं मूल दहा वर्षं कुणाच्या तरी ताब्यात देणं, त्याला वेताने मारणं, शिक्षण नाही, आणि त्यातून एक जॅकी चॅन निघाला म्हणून आपण त्या शाळेला मान द्यायचा? बाकीच्या मुलांचं काय झालं हे कोण विचारतं? माझ्या वर्गात आजही असे पालक येतात, बाई मारा पण शिकवा म्हणतात. मार खाऊन शिकलेलं मूल शिकतं ते आधी घाबरायला. तुमच्या वस्तादांबद्दल मला काही माहीत नाही, त्यामुळे त्यांना उद्देशून हे नाही.

---

लाल_माती

बाई, तुमचं बरोबर आहे आणि मी वाद घालणार नाही. आमच्या वस्तादांनी मला नऊ वर्षांत तीनदा मारलं, तिन्ही मला तारखेसकट आठवतात, त्यातला एक मार चुकीचा होता हे त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. त्या चिनी शाळेत मार रोजचा होता. एकानं चूक केली की सगळ्यांना. जॅकीनं आयुष्यभर गुरूचं नाव काढलंय, पण आपल्याला शाळा मिळाली नाही ह्याची खंतही तो बोलून दाखवतो, वाचण्या-लिहिण्यात आपण कच्चे राहिलो म्हणतो. दोन्ही खरं आहे. मी माझ्या पोराला तालमीत ठेवला नाही, शाळेत घातलाय, संध्याकाळी तासभर मातीत उतरतो तेवढंच. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

ह्या शाळेवर १९८८ ला 'पेंटेड फेसेस' नावाचा पिक्चर निघाला. त्यात गुरूचं काम कुणी केलंय? समो हंगनं. लहानपणी ज्याच्या हातचा वेत खाल्ला त्याचीच भूमिका.

---

एडिटिंग_टेबल

वाचतोय, मजा येतेय. कामानं एडिटर आहे त्यामुळे थोडं तांत्रिक लिहितो.

जॅकीचा मार लागतो असं आपल्याला का वाटतं? पहिलं कारण, तो पूर्ण माणूस दाखवतो, डोक्यापासून पायापर्यंत, कॅमेरा लांब आणि शक्यतो स्थिर. आजकाल हिरोला येत नसतं म्हणून कॅमेरा हलवून आणि दर सेकंदाला कट मारून झाकतात. दुसरं, फटका बसतो त्या क्षणी तो कट मारतो आणि पुढच्या शॉटमध्ये दोन-चार फ्रेम मागून परत सुरुवात करतो. म्हणजे फटका आपण जवळजवळ दोनदा बघतो, पण डोळ्याला एकच वाटतो आणि दुप्पट जोरात लागतो. तिसरं म्हणजे ठेका. हाणामारी, मग क्षणभर थांबणं, पुन्हा हाणामारी. हे सरळ पेकिंग ऑपेरातून आलंय, तिथं झांजा आणि ढोलाच्या तालावर नट झपाझप हालचाल करतो आणि एका थापेवर पुतळ्यासारखा थांबतो.

हॉलिवूडला हे आधी कळलंच नाही. १९८० चा 'द बिग ब्रॉल' आणि १९८५ चा 'द प्रोटेक्टर', दोन्हीकडे त्याला सांगितलं की असं नको, तसं कर. हाँगकाँगला तो एका मारामारीला आठवडेच्या आठवडे घ्यायचा, तिथं तेवढे दिवस कोण देणार. 'द प्रोटेक्टर' त्याला इतका खटकला की हाँगकाँगसाठी त्यानं काही भाग स्वतः नव्यानं शूट केला आणि मग चिडून त्याच वर्षी 'पोलीस स्टोरी' काढला. अमेरिकेत खरं नाव झालं ते १९९६ ला 'रम्बल इन द ब्राँक्स' तिकडे लागला तेव्हा, आणि मग १९९८ चा 'रश अवर'. म्हणजे चाळिशी उलटल्यावर.

जाता जाता, शेवटी चुकलेले स्टंट दाखवायची कल्पनाही त्यानं अमेरिकेतूनच आणली. 'कॅननबॉल रन' मध्ये छोटं काम केलं होतं, १९८१, तिथं शेवटी चुका दाखवल्या होत्या, पण संवादाच्या, हसण्याच्या. ह्यानं त्या जागी रक्त आणि स्ट्रेचर दाखवलं.

आणि कोल्हापूरकरांनो, मास्टर विठ्ठलना विसरू नका. 'आलम आरा'चा हिरो, १९३१. त्याआधी मूकपटांच्या काळात तलवारबाजी, उड्या, घोडे, हे सगळं करणारा स्टार, त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स (हॉलिवूडच्या मूकपटांतला तसाच तलवार-उड्यांचा हिरो) म्हणायचे. आणि सुरुवात कुठं, तर बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, आपल्या गावात. अंगानं बोलणारा नट ही गोष्ट आपल्याला हाँगकाँगनं शिकवलेली नाही.

---

दांडपट्टा_मंगळवारपेठ

एडिटिंग भाऊ ठेक्याचं एकदम बरोबर. आम्ही मर्दानी खेळ करतो, हलगी थांबली की हात थांबतो, हलगीवाला चुकला तर लाठी चुकते. जॅकीच्या मारामाऱ्या आवाज बंद करून बघा, तरी ताल कळतो.

मला त्याचं सगळ्यात आवडतं ते म्हणजे हातात येईल ते हत्यार. बाकडं, खुर्ची, छत्री, सायकल, अंगातलं जाकीट. 'फर्स्ट स्ट्राईक' मध्ये ती घडीची शिडी फिरवतो, आत घुसतो, बाहेर येतो, समोरच्याला तिच्यात अडकवतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळातल्या दोघांनी मांडवाची शिडी घेऊन प्रयत्न केला, एकाचं बोट चेमटलं. ती शिडी फिरवायला किती ताकद आणि किती सराव लागतो ते तेव्हा कळलं. वीस-पंचवीस सेकंद नीट फिरवून दाखवावी कुणीही.

---

लाल_माती

मधल्या काळाबद्दल कुणी लिहिलं नाही, ते मी लिहितो, कारण मला तोच भाग सगळ्यात जवळचा वाटतो.

ब्रूस ली गेला आणि हाँगकाँगच्या मारामारीच्या पिक्चरचा बाजारच बसला. स्टंटवाल्या पोरांना काम नाही. जॅकी गेला आईबापाकडं कॅनबेराला. दिवसा बांधकामावर मजुरी. तिथं जॅक नावाचा एक गवंडी होता, त्यानं ह्याला हाताखाली घेतलं, लोक ह्याला 'लिटल जॅक' म्हणायला लागले, त्याचं जॅकी झालं. म्हणजे जगानं डोक्यावर घेतलेलं नाव विटा-सिमेंटच्या कामावर मिळालेलं आहे.

१९७६ ला हाँगकाँगहून विली चॅनची, जो पुढं ह्याचा मॅनेजर झाला त्याची, तार आली, दिग्दर्शक लो वेईला नवीन पोरगा पाहिजे होता. त्याला ह्याच्यातनं दुसरा ब्रूस ली बनवायचा होता. तोंड रागीट, डोळे वटारलेले, बदला घेणारा. एकामागनं एक पिक्चर पडले. पडणारच की. ज्याचा डाव ढाक मारायचा त्याला पट काढायला लावलं तर कुस्ती कशी होईल. शेवटी १९७८ ला लो वेईनं त्याला दुसऱ्या कंपनीला उसना दिला, आणि तिथं दिग्दर्शक युएन वू-पिंगच्या हाताखाली एकाच वर्षात 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर'. त्यात पहिल्यांदा तो मार खाणारा, पळणारा, मेहनत करताना रडकुंडीला येणारा पोरगा झाला. दोन्ही तुफान चालले. दुसरा ब्रूस ली व्हायचं सोडलं आणि पिक्चर चालला.

आता दुखापतीचं. १९८६, 'आर्मर ऑफ गॉड', युगोस्लाव्हियात शूटिंग. भिंतीवरनं झाडावर उडी. पहिली उडी नीट झाली होती, ह्याचं समाधान झालं नाही, परत मारली, फांदी सुटली आणि डोकं दगडावर. कवटी फुटली, ऑपरेशन, आज पण तिथं भोक बुजवलेलं आहे आणि एका कानाला कमी ऐकू येतं. त्याच्या मानानं बाकीचं, नाक, घोटा, बोटं, खांदा, ते मोजतच नाहीत.

माझा उजवा गुडघा एका जत्रेच्या मैदानात गेला, एकविसाव्या वर्षी. समोरच्यानं घिस्सा मारला, माझा पाय मातीत रुतलेला तसाच राहिला आणि अंग फिरलं. आवाज मी ऐकला. पुढं दोन वर्षं हाडवैद्य, लेप, मुंबईची वारी, सगळं झालं, मातीत परत उतरता आलं नाही. आमच्या तुकडीत पस्तीस-चाळीस पोरं होती. नाव झालं दोघांचं. बाकी कुणी कारखान्यात, कुणी ट्रकवर, कुणी गवळी, मी दुधाच्या टेंपोवर. खासबागेत शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात कुस्ती लागली की सगळे येतात अजून, एकमेकांचे मोडलेले कान बघून ओळखतात.

म्हणून मला जॅकीची स्टंट टीम भावते. स्वतःचं नाव झाल्यावर ह्यानं पोरं गोळा केली, टीम बांधली, त्यांचा पगार, त्यांच्या दवाखान्याचा खर्च बघायला लागला, कारण विमा कंपन्या दारात उभं करत नव्हत्या. 'पोलीस स्टोरी'त इतक्या काचा फुटल्या की त्या टीमनं पिक्चरचं नावच 'ग्लास स्टोरी' ठेवलं होतं.

---

कळंबा_९९

भावा नाद खुळा लिहिलंयस. माझ्याकडून एक. 'कुंग फू हसल' बघितलाय का कुणी, २००४ चा? त्यात ती केसात कर्लर लावलेली, सिगरेट ओढणारी, किंचाळणारी चाळीची मालकीण आणि तिचा तो पडेल नवरा. ती युएन चिउ आणि तो युएन वा. दोघंही जॅकीच्या शाळेतले! मी दहा वेळा बघितलाय पिक्चर आणि हे आत्ता ह्या धाग्यामुळं आडनावावरून डोक्यात पेटलं. म्हणजे वरती ज्याचं नाव आलं, ब्रूस लीच्या कोलांट्या मारणारा, तोच हा म्हातारा. मला झोपच येईना राव.

---

फळा_आणि_खडू

कळंबा, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. बाकीच्या मुलांचं काय झालं असं मी विचारलं होतं, त्यातली दोन तरी सापडली.

लाल माती, तुमच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. एक मात्र लिहाच, जॅकीनं घराकडे बघितलं नाही हेही त्याचंच म्हणणं आहे. मुलगा वाढताना आपण शूटिंगवर होतो, चांगला बाप झालो नाही, असं तो उघड बोललाय. १९८२ मध्ये लग्न आणि त्याच महिन्यात मुलगा, आणि चाहत्यांसाठी हे बरीच वर्षं लपवून ठेवलं. त्या बाईंनी ती वर्षं कशी काढली असतील.

---

लाल_माती

लिहिलंच पाहिजे बाई. ज्याला सातव्या वर्षी बापानं सोडलं तो बाप झाल्यावर तेच करून बसला. मला ह्याच्यावर जास्त लिहवत नाही, आबांची आठवण येते.

---

एडिटिंग_टेबल

२०१६ ला त्याला मानद ऑस्कर मिळालं. स्टेजवर म्हणाला की छप्पन्न वर्षं, दोनशेच्या वर सिनेमे, इतकी हाडं मोडली, तेव्हा कुठं हे हातात आलं. सगळे हसले. मी तो व्हिडिओ परत परत बघितलाय, मागं बसलेल्यांना ते विनोदासारखं वाटलं असेल.

---

ड्रॅगन_शाहूपुरी

मी काल 'प्रोजेक्ट ए' बघितला, तुमच्यामुळं. घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो आणि हात सोडतो. दोन कापडी कनाती फाडत खाली, मानेवर आपटतो. मी उठून उभा राहिलो घरात. जॅकीला कमी लेखलं ते परत घेतो. ब्रूस लीचं पोस्टर मात्र काढणार नाही.

---

लाल_माती

पोस्टर राहू दे भाऊ, कशाला काढताय.

ती उडी मारायला तो कित्येक दिवस वर जाऊन खाली येत होता, हात सुटेना. मग एकदा सोडला, आणि नंतर परत पडला. पिक्चरमध्ये दोन पडणी लागोपाठ दाखवलीत, तीच उडी, दोन वेगळ्या वेळची.

आज रविवार म्हणून वस्तादांकडं गेलो होतो. ऐंशीच्या पुढं वय, गुडघे धरून बसतात, पण नजर अजून घारीची. सोबत गंगावेशीतनं दूध नेलं होतं. मोबाईल काढून त्यांना घड्याळाचा सीन दाखवला. त्यांनी कोण हिरो, कुठला पिक्चर काही विचारलं नाही. म्हणाले, ह्येनं हनुवटी आत घेतली न्हवती, म्हणून मानेवर आला, दुसऱ्या खेपेला बघ, घेतल्या.

मग 'पोलीस स्टोरी'ची सुरुवात दाखवली. जॅकी छत्रीच्या मुठीनं डबलडेकर बसला लटकतो, पुढं रस्त्यात उभा राहून पिस्तूल रोखतो, बस करकचून थांबते, आणि वरच्या मजल्यावरची माणसं काच फोडून बाहेर रस्त्यावर पडतात. ती पोरं खाली उभ्या केलेल्या गाडीवर पडायची होती, पण बस अलीकडंच थांबली आणि ती थेट डांबरावर आली. वस्तादांनी मोबाईल हातात घेतला. जॅकीकडं त्यांचं लक्षच नव्हतं. परत लावायला सांगितलं, चारदा. मग विचारलं, ही वरनं पडली ती पोरं कोण?

मला सांगता आलं नाही. जॅकीच्या टीमची एवढंच म्हणालो. ते म्हणाले, नावं बघून ठेव, पुढच्या रविवारी सांग.

तर कुणाला त्या बसमधल्या पोरांची नावं माहीत असतील तर इथं टाका. रविवारच्या आत.